लाल बावटा कलापथक : एका गाणाऱ्या फळीचा इतिहास आणि आपल्यापुढील प्रश्न

१

आज महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गिटार आणि ढोलकी एकाच रंगमंचावर घेऊन ओवी, भारूड, गोंधळ गाणारे तरुणांचे गट दिसतात. त्यांना 'इंडी फोक बँड' असे नाव आहे. आपल्यावर 'वर्ल्ड म्युझिक'चा, म्हणजे जगभरच्या लोकसंगीताचा प्रभाव आहे, असे ते अभिमानाने सांगतात. या तरुणांच्या उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण 'स्वतंत्र', 'लोक' आणि 'जग' हे तीन शब्द ज्या सहजपणे वापरले जातात, त्या सहजपणाची मात्र तपासणी झाली पाहिजे.

'वर्ल्ड म्युझिक' हा शब्द बाजारात कसा रुळला, हे यासाठी ध्यानात घ्यावे. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधील काही लहान ध्वनिमुद्रिका कंपन्यांची माणसे एका पबमध्ये जमली. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका येथील संगीताच्या तबकड्या दुकानाच्या कोणत्या फळीवर ठेवायच्या, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्या फळीला एक नाव हवे होते, ते त्यांनी ठरवले. जगातल्या बहुसंख्य माणसांचे गाणे अशा रीतीने दुकानातल्या एका फळीवर मावले.

परंतु या घटनेच्या चार दशके आधी, मुंबईच्या कामगार वस्तीत एक अशी गाणारी फळी उभी राहिली होती की जिने जगाला आपल्या डफावर घेतले होते. तिच्यामागे कोणतीही कंपनी नव्हती, राजाश्रय नव्हता, नाट्यगृह नव्हते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली उभारलेले 'लाल बावटा कलापथक' हीच ती फळी. तिची वाटचाल पाहिली म्हणजे वरील तीनही शब्दांचा अर्थ बदलतो. ही वाटचाल मांडणे आणि तिच्यातून दलित चळवळीपुढे येणारे काही प्रश्न विचारणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

कोणतीही कला आभाळातून पडत नाही. कलापथकाच्या पायाखाली निदान तीन थर होते.

पहिला थर सत्यशोधक जलशाचा. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याचा विचार निरक्षर रयतेपर्यंत पोहोचवला तो पुढच्या काळात जलशांनी. तमाशाचा साचा घ्यायचा आणि शृंगाराच्या जागी भटशाही, सावकारी व अज्ञान यांवर प्रहार करायचा, ही जलशाची रीत. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थान आणि सातारा जिल्हा हा या जलशांचा मोठा मुलूख होता.

दुसरा थर आंबेडकरी जलशाचा. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी यांनी १९३० च्या दशकात बाबासाहेबांचा संदेश गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून गात नेला. सत्यशोधक जलशात अस्पृश्यता हा अनेक विषयांपैकी एक विषय होता. आंबेडकरी जलशात अस्पृश्य माणूस स्वतःच बोलू लागला. हा फरक लहान नाही.

तिसरा आणि सर्वांत खालचा थर तमाशाचा. येथे थोडे थांबले पाहिजे. तमाशा ही महार-मांगांच्या आणि कोल्हाटी स्त्रियांच्या श्रमावर उभी राहिलेली कला. हलगी, डफ, तुणतुणे ही वाद्ये ज्यांच्या हातात होती त्यांना ती छंद म्हणून मिळालेली नव्हती. गावच्या जत्रेत, लग्नात, देवाच्या पालखीपुढे हलगी वाजवणे हे मांगाचे जातीने नेमून दिलेले काम होते. ज्या देवापुढे तो वाजवी, त्या देवाच्या गाभाऱ्यात त्याला प्रवेश नव्हता. आमच्या कोल्हापूरच्या कुस्तीच्या मैदानात हलगीचा कडकडाट झाल्याशिवाय पैलवानाच्या अंगात वारे भरत नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. पैलवानांची नावे लोकांच्या तोंडी असतात. हलगीवाल्यांची किती जणांना सांगता येतील?

म्हणून 'लोकसंगीत' हा शब्द उच्चारताना ते नेमके कोणत्या लोकांचे, आणि ते त्यांनी कोणत्या अटींवर वाजवले, हा प्रश्न टाळता येत नाही. बाबासाहेबांनी तो टाळला नाही. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली तमाशाच्या कमाईची मदत त्यांनी नाकारली, हा प्रसंग चळवळीत प्रसिद्ध आहे. आपल्या समाजातील स्त्रियांना नाचवून आलेल्या पैशावर मुक्तीचा लढा उभारायचा नाही, असा त्यामागचा नैतिक आग्रह होता. पठ्ठे बापूराव हे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. त्यांच्या लावण्यांना आपल्या गळ्याने आणि नाचाने कीर्ती मिळवून देणारी पवळा ही महार समाजातली. साहित्याच्या इतिहासात मानाचे पान कोणाला मिळाले आणि नुसता उल्लेख कोणाच्या वाट्याला आला, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात, १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे म्हणजे अण्णाभाऊ जन्मले. त्याच वर्षी मार्चच्या २१ आणि २२ तारखांना कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली होती आणि शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांच्या हाती नेतृत्व असल्याची ग्वाही दिली होती. एकाच प्रदेशाने एकाच वर्षी चळवळीला नेता दाखवला आणि शाहीर दिला.

३

आता या तीन माणसांकडे पाहू.

अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची. दुष्काळ आणि दारिद्र्य यांमुळे साठे कुटुंबाने वाटेगाव सोडले व पायी मुंबई गाठली. ओझी वाहणे, फेरी करणे, गिरणीत राबणे अशी कामे करीत, दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरे जुळवीत हा मुलगा वाचायला शिकला. मध्यंतरी तो गावी परतला तेव्हा चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्याने काम केले. म्हणजे तमाशा त्याला अभ्यासाने नव्हे, अंगमेहनतीने ठाऊक होता. पुढे मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पमध्ये तो कम्युनिस्ट पक्षाच्या संपर्कात आला. कॅम्पमधल्या डासांवर त्याने पोवाडा रचला, ही त्याच्या शाहिरीची सुरुवात असल्याचे सांगतात. डासांवर पोवाडा म्हटले की हसू येते. पण गटार, डबकी आणि हिवताप यांत जगणाऱ्या वस्तीचा पहिला शत्रू डासच होता!

अमर शेख हे बार्शीचे. २० ऑक्टोबर १९१६ चा जन्म. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी हिच्या ओव्यांतून आणि गाण्यांतून त्यांचा गळा घडला. मोटारीवर क्लीनर आणि गिरणीत कामगार अशी त्यांची उमेदवारी. काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओतही त्यांनी काम केले. ध्वनिक्षेपक नसतानाही हजारोंच्या सभेच्या टोकापर्यंत पोहोचणारा त्यांचा पहाडी आवाज हे कलापथकाचे सर्वांत मोठे वाद्य होते.

तिसरे द. ना. गव्हाणकर हेही शाहीर आणि रचनाकार. आज त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. एका मांगाची लेखणी, एका मुसलमानाचा गळा आणि त्यांच्या जोडीला गव्हाणकरांची रचना, असा हा संघ होता. महाराष्ट्रात इतिहास जातवार वाटून घेण्याची खोड आहे. त्या वाटणीत कलापथकाचेही तुकडे पडले. अण्णाभाऊ मातंग समाजाचे झाले, अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या सोहळ्यांपुरते उरले आणि गव्हाणकर कोणाच्याच वाट्याला आले नाहीत. परंतु ज्यांनी त्यांना एकत्र ऐकले, त्यांच्यासाठी ती एक फळी होती.

४

या फळीत जग कसे आले?

ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात व्होल्गा नदीकाठच्या स्टालिनग्राड शहरात हिटलरचे सैन्य अडवले गेले आणि अखेर शरण आणले गेले. अण्णाभाऊंनी त्यावर १९४३ मध्ये 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला. या घटनेचे महत्त्व केवळ राजकीय नाही. पोवाडा हा वीरांच्या स्तुतीचा प्रकार. तो गाणारा शाहीर बहुधा कोणा सरदाराचा, संस्थानिकाचा आश्रित. त्याचा नायक घोड्यावर बसलेला. अण्णाभाऊंनी तोच छंद, तोच डफ, तीच 'जी जी'ची साथ घेतली आणि नायकाच्या जागी कारखान्यातून बंदूक घेऊन बाहेर पडणारा कामगार बसवला. ज्याने मुंबईपलीकडचे काही पाहिले नव्हते, त्याने व्होल्गाकाठची लढाई गिरणगावातल्या माणसाला आपल्या चाळीच्या दारात घडल्यासारखी ऐकवली.

त्याच काळात बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. १९४३ च्या त्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. 'बंगालची हाक' हा अण्णाभाऊंचा पोवाडा त्या वेळचा. मुंबईत १९४३ मध्येच 'इप्टा' म्हणजे भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला होता. त्याच्या निमित्ताने बंगाल, आंध्र, पंजाब, केरळ येथील लोकगीते आणि लोकनाट्ये एकमेकांना भेटू लागली. चीन आणि रशिया येथील लढाऊ नाट्यपथकांच्या हकिकती येत होत्या. गॉर्की अण्णाभाऊंच्या वाचनात आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कलापथकाने परदेशी वाद्ये घेतली नाहीत, परदेशी चालीही उसन्या आणल्या नाहीत. त्यांनी जगाकडून घेतला तो प्रश्न : भूक का पडते, युद्ध कोण पुकारते, श्रम कोणाचा आणि नफा कोणाचा? उत्तर मात्र आपल्या छंदात, आपल्या बोलीत दिले. आजच्या तरुण गटांनी हे समजून घ्यावे. चार देशांची वाद्ये एका रंगमंचावर आणली म्हणजे जग आले असे होत नाही. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण आणि आपल्या दुःखाचे कारण यांतले नाते ओळखता आले, तरच ते येते.

तमाशाच्या साच्यातही कलापथकाने मूलभूत बदल केले. गणात गणपतीचे स्तवन असे; तेथे मातृभूमीला, हुतात्म्यांना, श्रमिकांना वंदन आले. गौळण गळाली. सोंगाड्याची बतावणी राहिली, पण तिची धार सावकार, काळाबाजारवाले आणि पुढारी यांच्याकडे वळली. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई' ही नावे पाहिली तरी रोख कळतो. हलगी-डफ वाजवणारा आता गावकीची सेवा करीत नव्हता, तो सभा बोलावीत होता. वाद्य तेच राहिले, पण ते कोणाच्या आज्ञेने वाजते हे बदलले. बाबासाहेबांनी जातिनियत कामे सोडायला सांगितली, आणि अण्णाभाऊंनी त्या कामातले कौशल्य मालकाच्या ताब्यातून काढून घेतले. या दोन वाटा परस्परविरोधी नाहीत, असे मला वाटते. परंतु त्यांच्यातला ताण खोटा नाही. आपल्या पिढीने हलगी टाकून पुस्तक हाती घेतले आणि ते योग्यच केले. माझ्यासारख्या, घरात प्रथमच पदवी पाहिलेल्या माणसाला हे निराळे पटवून द्यावे लागत नाही. पण हलगीबरोबर तिच्यातले ज्ञानही टाकायचे का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

५

स्वातंत्र्य आले आणि कलापथकाच्या वाट्याला बंदी आली. मुंबई राज्यात मोरारजी देसाई गृहमंत्री होते. तमाशा अश्लील आहे या सबबीखाली त्यावर निर्बंध आले, आणि लाल बावट्याच्या कार्यक्रमांवर तर विशेष नजर होती. १९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. कलावंत भूमिगत झाले किंवा तुरुंगात गेले. बंदी 'तमाशा' या शब्दाला आहे ना, मग आम्ही 'लोकनाट्य' करतो, अशी वाट अण्णाभाऊंनी काढली. आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत सन्मानाने बसलेला 'लोकनाट्य' हा शब्द पोलिसांना चुकवण्याच्या खटपटीत रूढ झाला, हे विद्यार्थ्यांना सांगितले जात नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडत नव्हते. अमेरिकेत पॉल रॉबसन हा गुलामगिरीतून पळालेल्या बापाचा मुलगा, जगाला आपल्या आवाजाने हलवणारा गायक. काळ्यांच्या हक्कांची आणि कामगारांची बाजू घेतली म्हणून १९५० मध्ये सरकारने त्याचे पारपत्र काढून घेतले. ते १९५८ मध्ये परत मिळाले. पीट सीगर आणि त्याचे साथीदार लोकगीते गात होते. त्यांना काळ्या यादीत टाकून रेडिओ आणि रंगमंच बंद करण्यात आले. चिलीमध्ये १९७३ च्या सप्टेंबरात लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा विक्तोर हारा या गायकाला छळ करून ठार मारण्यात आले. ज्या गाण्याला सत्ता घाबरते ते गाणे कोणत्याही देशात सारखेच वागवले जाते.

आणखी एक विसंगती पाहा. ज्या काळात अस्सल तमाशगिरांना परवान्यासाठी आणि संहितेच्या तपासणीसाठी हेलपाटे घालावे लागत होते, त्याच काळात त्यांचा साचा पांढरपेशा रंगभूमीवर प्रतिष्ठित होत गेला. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये आले. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये आले आणि १९८० मध्ये युरोपात जाऊन गाजले. या कलाकृतींचे मोल मी कमी लेखत नाही. पण साचा ज्यांच्या घामातून आला, त्यांच्या हाती त्यातले काय आले, हा हिशेब कोणीतरी मांडायलाच हवा.

६

बंदीच्या काळात विस्कटलेली ही माणसे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पुन्हा लोकांपुढे आली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि लढा पेटला. अमर शेख यांचा आवाज मैदाने भरू लागला. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड याच काळातली. गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहाची ती लावणी, आणि पाहता पाहता ती विरहिणी म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवलेला बेळगाव-कारवारचा मुलूख होऊन जाते. पोटासाठी बायको मागे ठेवून गिरणीत आलेल्या माणसाच्या व्यथेतच सीमेचा प्रश्न त्यांनी पाहिला. कोल्हापूरहून निपाणी तासाभराच्या वाटेवर आहे. आम्हांला या गाण्याचा अर्थ समजावून घ्यावा लागत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. शाहिरांच्या हाती काय आले? 'फकिरा' कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. ज्या भूमीचा पोवाडा न पाहता गायला होता, ती त्यांनी अठरा वर्षांनी पाहिली. पण राहणे घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीतच होते. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले.

'स्वतंत्र' कलावंताची ही किंमत आहे. कंपनी नव्हती, म्हणून कोणी मालक नव्हता; पण म्हणूनच निवृत्तिवेतन नव्हते, औषधपाण्याची सोय नव्हती. पक्ष होता, पण पक्षाची धोरणे बदलली की कलावंताचे दिवसही बदलत. जे लोक आपल्या गायकांना जगवू शकत नाहीत, त्यांना पुढे उसन्या गायकांवर भागवावे लागते.

७

कलापथकाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. नाहीतर हा इतिहास न राहता आरती होईल.

कलापथकाच्या वगांत शत्रू ठळक होता : सावकार, गिरणीमालक, मंत्री. जात मात्र वर्गाच्या मागे उभी राहिली. शेटजीची टर उडवताना प्रेक्षक खदखदून हसत असे, पण हसणाऱ्यांतलाच एक जण दुसऱ्याला आपल्या पाणवठ्यावर येऊ देत नव्हता, ही गोष्ट वगात येत नसे. अण्णाभाऊंना हे कळत नव्हते असे नाही. जे कलापथकात पुरेसे बोलता आले नाही, ते त्यांनी कथा-कादंबऱ्यांत बोलले. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले आणि ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, असे सांगितले. लाल आणि निळा हे दोन्ही रंग ज्याच्या आयुष्यात एकत्र आले, त्याला एकाच रंगात बुडवण्याचा हट्ट दोन्ही बाजूंनी झाला. हा हट्ट आपण सोडला पाहिजे.

दुसरी मर्यादा स्त्रियांची. नाचीला रंगमंचावरून दूर केले, त्यात तिची मानखंडना थांबवण्याचा हेतू होता आणि तो रास्त होता. पण तिच्या जागी बोलणारी, प्रश्न विचारणारी स्त्री त्या प्रमाणात उभी राहिली नाही. पवळेच्या वारशाचे काय करायचे, याचे उत्तर ना लाल शाहिरीने पूर्णपणे दिले, ना निळ्या जलशाने.

८

परंपरा तुटली नाही. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून भीमगीत जिवंत ठेवले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. ते पाहून शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट त्या मृत्यूपासूनच सुरू होतो. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना तुरुंग पाहावा लागला. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला. शाहिराचा पुतळा परदेशात आणि त्याच्या वाटेने जाणारे कोठडीत, हे दृश्य आपल्या काळाबद्दल बरेच काही सांगते.

प्रश्न पुढच्या कामाचा आहे. कोल्हापूर, सांगली, निपाणी या पट्ट्यात कलापथके ऐकलेली, त्यांत कोरस धरलेली, हलगी वाजवलेली म्हातारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकीच असतील. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे. केवळ शब्द लिहून घेऊन भागणार नाही. चाल कोणती, ठेका कोणता, कार्यक्रम कोणत्या वस्तीत झाला, मोबदला काय मिळाला, स्त्रिया कोठे बसत, जेवणाची पंगत एक होती की दोन, हे सारे टिपून घ्यावे. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा जिवंत शाहिरांच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढावा. हे काम शासनावर सोपवून मोकळे होऊ नये.

आणि जे तरुण आज नव्या वाद्यांनिशी लोकगीते गात आहेत, त्यांनी प्रत्येक गाण्यापूर्वी एवढे तपासावे : हे गाणे कोणत्या वस्तीतून आले, त्या वस्तीतला कोणी आपल्या गटात आहे का, आणि आपल्याला मिळालेल्या बिदागीतले त्या वस्तीकडे काय परत जाते? या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्यापाशी असतील, त्यांच्या गिटारीबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही.